हात लागलेली पिल्लं

"थांबव! ए धोंडबा, थांबव ते मशीन आधी!"

गॅलरीतून मी घसा फोडून ओरडत होते, पण धोंडबाला ऐकू जाईल तर शपथ. धुळीसाठी त्यानं दुपट्टा कानांवरून गच्च आवळला होता आणि हातातलं कटिंगचं मशीन घरघरत मेंदीच्या कुंपणावरून सरकत होतं. त्याच्या डोक्यावर दोन बुलबुल जिवाच्या आकांतानं ओरडत घिरट्या घालत होते. त्या कुंपणात त्यांचं काहीतरी आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. मी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि गुडघ्याला शिव्या देत जिना उतरले.

पोचले तेव्हा व्हायचं ते होऊन गेलं होतं. मशीन बंद करून धोंडबा वाकून बघत होता. कापलेल्या फांद्यांच्या ढिगात वाटीएवढं घरटं उपडं पडलं होतं, आणि शेजारी फरशीवर तीन पिल्लं. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, पातळ कातडीखालून निळ्या शिरा दिसत होत्या. एक मशीनमध्येच सापडलं होतं, त्याचं वर्णन नको. दोन जिवंत होती. चोची वर करून, तोंडं उघडून नुसती मान डोलवत होती. सकाळचे नऊ वाजले असतील, पण एप्रिलअखेरचं नागपूर, फरशी तापायला लागली होती.

मी वाकले तसा धोंडबा घाईनं म्हणाला, "हात नका लावू जी मावशी! थांबा, मी पानानं उचलतो. माणसाचा हात लागला का विटाळते ते. मंग त्याची माय त्याले घेत नाही, टोचून मारते."

"तुले कोणं सांगितलं?"

"सारेच सांगतात ना. माझी माय सांगे."

"चूप बस," मी म्हणाले आणि उघड्या हातानं दोन्ही पिल्लं उचलली.

बत्तीस वर्षं मी प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होते. ओलं, निसरडं, न रडणारं लेकरू हातात घेतलं की ते जगणार की नाही हे आधी हाताला कळतं, डोळ्यांना मागाहून. ही दोन्ही गरम होती. पोट भाता हलल्यासारखं वरखाली होत होतं. पक्ष्यांतलं मला काही म्हणजे काही कळत नाही, बुलबुल ओळखता येतो तो त्याच्या शेंडीमुळे. पण आई जिथं शोधायला येईल तिथंच लेकरू ठेवायचं, एवढं कळायला काही पुस्तक लागत नाही.

धोंडबाकडून सुतळी घेतली. कापायच्या राहिलेल्या कुंपणात, जुन्या जागेपासून हातभर अंतरावर, तीन फांद्यांच्या बेचक्यात घरटं बसवलं, खालून सुतळीचे दोन वेढे दिले आणि पिल्लं आत ठेवली. वरची पानं मात्र मशीननं साफ केली होती, ऊन थेट आत येत होतं. मग वर जाऊन माझ्या जुन्या सुती लुगड्याचा तुकडा आणला आणि दोन कामट्या रोवून त्याचं छप्पर बांधलं. धोंडबा निमूट मदत करत होता, पण चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की बाईनं उगाच खटाटोप मांडला आहे.

त्याच्यावर मी रागावले नाही. तो आपला चार स्कीमचे, म्हणजे फ्लॅटच्या इमारतींचे, बगीचे सांभाळणारा साधा म्हातारा, माय म्हणाली ते घेऊन चाललेला. पण तो शब्द काही केल्या माझ्या कानातून जाईना. माझे बाबा छप्पन साली उमरेडकडच्या आमच्या गावाहून पायी नागपूरला आले आणि दीक्षा घेऊन परत गेले. त्या दिवसापासून त्यांनी घरातल्या काही गोष्टी कायमच्या बंद केल्या, त्यात हा शब्द होता. 'विटाळ' म्हणायचं नाही, कशालाच नाही. आईला महिन्याच्या चार दिवसांसाठीही दुसरा शब्द शोधावा लागला. ती म्हणायची, "आज माझी सुट्टी आहे." आम्ही तिघी बहिणी सुट्टीच म्हणत मोठ्या झालो. दवाखान्यात पहिल्यांदा डॉक्टरीणबाईंसमोर सुट्टी म्हणाले तेव्हा त्या पोट धरून हसल्या होत्या.

सुतळीची गाठ मारत होते तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं बाई! आजच व्हाचं होतं का हे?"

कामिनीवहिनी. आमच्या स्कीमचे सेक्रेटरी मधुकरराव यांच्या मंडळी, राहतात माझ्या बरोब्बर खाली. डोक्याला मेंदी थापलेली, त्यावर प्लास्टिकची टोपी, अंगात गाऊन. मागे मधुकरराव, हातात मोबाइल. आज संध्याकाळी पाच वाजता त्यांच्या सुनेचं, वैभवीचं डोहाळजेवण होतं. ते होतं या बगीच्यात. या कुंपणाला पाठ करून फुलांचा झोपाळा लागायचा होता, म्हणून तर धोंडबाला सकाळीच कुंपण सपाट करायला सांगितलं होतं.

कामिनीवहिनींनी मेलेलं पिल्लू पाहिलं आणि डोळे मिटले. "धोंडबा, उचल ते सारं आन् मागच्या प्लॉटवर नेऊन फेक. घरटं-बिरटं सगळं. सूनबाईच्या नजरेस पडता कामा नये. सातवा चालू आहे तिले."

"दोन जिवंत आहेत वहिनी," मी म्हणाले. "ठेवलीत परत."

"तुम्ही हात लावला का?"

"लावला."

"मंग संपलंच ना," त्या म्हणाल्या. "विटाळलं ते. आता काय कामाचं?"

हे बोलताना त्यांनी घरट्याकडे पाहिलं नाही, माझ्या हातांकडे पाहिलं. क्षणभरच. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्यांनी नजर वळवली आणि धोंडबावर खेकसल्या की फांद्यांचा ढीग अजून उचलला काहून नाही.

मला शिसारी आली. दुसरा शब्द नाही. मेलेल्या पिल्लाची नव्हती आली, रक्त मी आयुष्यभर पुसलं आहे. या बाईची आली.

सहा वर्षांचा शेजार आमचा. या बाई म्हणजे नाकानं कांदे सोलणाऱ्या. माझ्याकडे दहा वेळा आल्या असतील, बसल्या असतील, पण पाण्याचा घोट कधी घेतला नाही. दरवेळी उपास. सोमवार झाला, चतुर्थी झाली, एकादशी झाली, कशातच बसत नसेल तर 'आज उगाचच धरला'. या बाईचे उपास कॅलेंडरात मावायचे नाहीत. मी हसून सोडून द्यायचे. आपल्याला काय, आपलं पाणी वाचलं.

पण मागच्याच महिन्यात एका दुपारी हीच बाई अनवाणी वर धावत आली होती. वैभवीच्या पोटात कळ आली होती, मधुकरराव बुटीबोरीला कामावर, मुलगा पुण्याला. मी तशीच खाली गेले, पोरीला डाव्या कुशीवर घेतलं, पोटावर हात ठेवून बसले. काही नव्हतं, वायू होता, आणि बाळानं कूस बदलली होती. तसं सांगितल्यावर कामिनीवहिनींनी माझे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. "तुमच्या हाताले यश आहे सिस्टर." तेव्हा या हाताचा विटाळ झाला नाही, सुनेच्या उघड्या पोटावर फिरला तरी झाला नाही. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

मधुकरराव मध्ये पडले. मध्ये पडणं हाच त्यांचा स्वभाव आणि सेक्रेटरी म्हणून हेच त्यांचं काम. "जाऊ द्या ना जी सिस्टर. राहू दे वं कामिनी, काय बिघडते? कोपऱ्यात तं आहे. संध्याकाळी बघू."

"अन् ते फडकं?" वहिनींनी माझ्या लुगड्याच्या तुकड्याकडे बोट केलं.

"ते सावलीसाठी आहे," मी म्हणाले. "काढलं तर भाजून मरतील."

"संध्याकाळी बघू म्हणलं ना," मधुकरराव म्हणाले. धोंडबाला त्यांनी उरलेलं कुंपण तूर्त सोडून द्यायला सांगितलं, आणि अर्धं सपाट, अर्धं झिपरं असं ते कुंपण तसंच राहिलं.

मी वर येऊन गॅलरीत खुर्ची टाकून बसले. तो कठड्यावरचा चहा गार झाला होता, त्यावर साय धरली होती. ओतून दिला.

दोन्ही बुलबुल केबलच्या तारेवर बसले होते. ओरडत नव्हते. मान इकडून तिकडे करत खाली बघत होते. एक जण मध्येच कुंपणाच्या कापलेल्या टोकापर्यंत जायचा आणि परत फिरायचा. पिल्लांचा आवाज मला वर ऐकू येत नव्हता, पण त्यांना येत असणार. तरी येईनात.

खरं सांगते, मला भीती वाटत होती. पिल्लांसाठी तर वाटतच होती. पण त्याहून जास्त भीती होती त्यांची आई आलीच नाही तर काय याची. धोंडबाच्या मायचं खरं निघालं तर? माझ्या बापानं जो शब्द उंबऱ्याबाहेर काढला, तो एका बुलबुलानं खरा करून दाखवला तर? कामिनीवहिनी उद्या तुळशीला पाणी घालता घालता म्हणतील, बघा, पाखराला कळते. आणि मी काय उत्तर देणार? बाई शिकलेली, पेन्शनर, घरात बाबासाहेबांचा फोटो, मुलगी मिहानमध्ये नोकरीला, आणि जीव टांगलाय तो एका पाखराच्या मर्जीवर. माझं मलाच हसू येत होतं आणि रागही येत होता. पण उठवत नव्हतं.

बसल्या बसल्या एक म्हातारी आठवली. मोठ्या घरची. नातू झाला म्हणून पेढे घेऊन ड्यूटीरूममध्ये आली. पोर निळं पडलेलं जन्मलं होतं, मी पाठ चोळून, तळपायांना टिचक्या मारून त्याला रडवलं होतं, म्हणून पहिला पेढा मला. पेढा हातात देता देता तिनं विचारलं, "आडनाव काय गं पोरी तुझं?" मी म्हणाले, "गोंडाणे." पेढा तिनं टेबलावर ठेवला. दुपारी घरी जायला निघाली तेव्हा पिशवीतून बाटली काढून नातवावर गोमूत्र शिंपडलं. माझ्यासमोर, न लाजता. पोर दचकून रडायला लागलं. मी त्या दिवशी जेवले नाही. पेढा तिथंच पडून होता, संध्याकाळपर्यंत त्याला माशा लागल्या होत्या.

आणि तेवढ्यात ती आली.

तारेवरून सरळ खाली, चोचीत कसलासा किडा धरून. आधी छपराच्या कामटीवर बसली, कापडाला एकदा चोच मारून पाहिली, मग वाकून आत शिरली. मी उभी राहिले. ती बाहेर आली तेव्हा चोच रिकामी होती. थोड्या वेळानं दुसरा आला, त्याच्या चोचीत कसलीशी हिरवी अळी होती. तो आत गेला, रिकामा बाहेर आला. मग पुन्हा ती.

घेतलं! माझ्या हाताचं घेतलं तिनं!

मी खाली वाकून ओरडले, "धोंडबा! अरे आली ना तिची माय! चारून राहिली ती!"

धोंडबा गेटजवळ सावलीत तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसला होता. उठून दबकत आला, लांबून बघत राहिला. मग दुपट्टा मागे सारून वर माझ्याकडे बघून हसला. "म्हणजे माझी मायच खोटं सांगे म्हणा की."

"तुझी माय काहून खोटं सांगंल? तिले तिच्या मायनं सांगितलं."

"बरोबर आहे जी," तो म्हणाला, "कोणं पाह्यलं होतं बसून!"

मी डोळ्यांना पदर लावला. एकटीच घरात इकडून तिकडे फिरले. मुलीला फोन लावला, तिनं उचलला नाही, मीटिंगमध्ये असेल. कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेनं छाती पोखरून गेलेले माझे यजमान असते तर त्यांना सांगितलं असतं, ते म्हणाले असते, 'शामले, तू पाखरांचीही डिलिव्हरी करते का आता?' त्या दुपारी मी पोटभर जेवले.

तीन वाजता टेम्पो आला. डेकोरेशनवाला विक्की आणि त्याची माणसं झोपाळा उतरवायला लागली. झोपाळा, फुलांच्या माळा, दोन मोठे फोकस, एक कपाटाएवढा स्पीकर. सगळं त्या कुंपणापाशी. मी खाली गेले आणि कामिनीवहिनींची बेल वाजवली.

दार त्यांनीच उघडलं. मागे घर माणसांनी भरलेलं, तळणाचा वास. त्या दारातच उभ्या राहिल्या, चौकटीला हात लावून.

"वहिनी, तिनं पिल्लं घेतली," मी म्हणाले. "सारखी चारून राहिली. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. झोपाळा तेवढा समोरच्या भिंतीकडं घ्यायला सांगा, माणसं जवळ असली तर ती खाली यायची नाही."

"बरं झालं बाई, घेतली तं," त्या म्हणाल्या. चेहरा बरं झाल्याचा नव्हता. "पण झोपाळा नाही हलत आता. तिकडं पार्किंग दिसते फोटोत. हिरवं बॅकग्राऊंड पाहिजे म्हणूनच तं सारा खटाटोप केला. पाखरासाठी सुनेचा कार्यक्रम हलवू का मी?"

"दहा पावलांचा प्रश्न आहे वहिनी."

"सिस्टर, तुम्हीच सांगा, आज कोणाचा दिवस आहे?" त्या गोड हसल्या. "आन् या हं संध्याकाळी. ओटी-बिटी होऊन जाऊ द्या, मंग या आरामात जेवाले."

ओटी होऊन जाऊ द्या. म्हणजे विधवा म्हणून नको, की गोंडाणे म्हणून नको, हे त्यांनी माझ्यावर सोडलं होतं. एका दगडात दोन पक्षी म्हणायचे तर असे. तिथं मी बोलले असते तर आतल्या सगळ्या बायका दारात आल्या असत्या, आणि मग गोष्ट पिल्लांची राहिली नसती, माझी झाली असती.

विक्कीला सांगितलं, "बाबू, त्या कपड्याला हात लावू नको. आत पिल्लं आहेत."

"नाही लावत मावशी," तो म्हणाला. पोरगा बरा होता. पण पैसे त्याला मी देणार नव्हते.

साडेचारला मी गॅलरीत आले तर कापड नव्हतं. कामट्याही नव्हत्या. मी खाली गेले तेव्हा माझं लुगडं बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं होतं, आणि विक्की माझ्याकडे न बघता माळा बांधत होता. पश्चिमेचं ऊन तिरपं होऊन बरोबर घरट्यात शिरलं होतं. पिल्लं माना टाकून, तोंडं वासून पडली होती. मी पदर वर धरून सावली केली. किती वेळ धरणार?

तेवढ्यात वैभवीला खाली आणलं. हिरवी पैठणी, मोगऱ्याचे दागिने, कमरेला फुलांचा पट्टा. गोड दिसत होती पोरगी. मला बघून स्वतःहून जवळ आली.

"काकू, इथं काय करताय?"

"बघ," मी म्हणाले. "हे बघ ना जरा. ऊन लागून राहिलं त्यांना. झोपाळा सरकवायला सांग, तू सांगितलं तर ऐकतील."

तिनं वाकून पाहिलं. चेहरा कसनुसा झाला. हात आपोआप पोटावर गेला. मला वाटलं, झालं, काम झालं.

"ई, किती छोटे आहेत," ती म्हणाली. मग तिनं मागे सासूकडे पाहिलं आणि आवाज खाली घेतला. "काकू, फोटो झाले की लगेच लावू ना परत कपडा. मम्मी सकाळपासून चिडून आहेत. प्लीज, आज नका ना."

हिच्याच पोटावर हात ठेवून मी अर्धा तास बसले होते. तेव्हा माझं बोट घट्ट धरून ठेवलं होतं हिनं.

"सिस्टरले खुर्ची द्या वं कोणी," कामिनीवहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "तिकडं, पंख्याजवळ!" दोन बायका हसत माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेऊन गेल्या. एवढ्या मायेनं की भांडायलाही जागा ठेवली नाही.

मी खुर्चीवर बसले नाही. वर गेले आणि गॅलरीतून सगळं बघितलं. फोकस लागले. स्पीकर लागला. झोपाळ्यावर पोरगी, आजूबाजूला बायका, डोहाळ्यांची गाणी म्हणून राहिल्या, 'बाळ येणार बाळ येणार' करून टाळ्या वाजवून राहिल्या, आणि त्यांच्या डोक्यावर तारेवर ती बुलबुल, चोचीत अळी घेऊन. खाली यायला बघायची, हातभर उतरायची, टाळ्या वाजल्या की परत वर. त्यांच्यातल्या एकीनंही मान वर करून पाहिलं नाही. पेढा की बर्फी निघते म्हणून वाट्या उघडत होत्या, मुलगा की मुलगी म्हणून चित्कारत होत्या. शी! मी इतक्या बाळंतिणी पाहिल्या, इतकी रड, इतकी घाण काढली, कधी नाक मुरडलं नाही. त्या दिवशी त्या मोगऱ्याच्या वासानं मी नाकाला पदर लावला.

जेवणं झाली. नंतर कागदी प्लेटा टाकायचे डबे भरले, तशा लोकांनी त्या कुंपणात खुपसायला सुरुवात केली. चांगली शिकलेली, गाड्यांतून आलेली माणसं. श्रीखंड, पाक, अर्धवट खाल्लेले गुलाबजाम, सगळं मेंदीत. दिवेलागणीला मी खाली जाऊन हाताला लागतील तेवढ्या प्लेटा उपसल्या. पिल्लं जिवंत होती, एकानं तर माझ्या चाहुलीला आई समजून तोंड उघडलं. फोकस विझेपर्यंत ती माय काही खाली आली नाही.

सकाळी उजाडल्याबरोबर गेले.

मुंग्या. लाल, बारीक. खोल खुपसलेल्या प्लेटांतून फांदीवर, फांदीवरून घरट्यात, अखंड रांग. आत पिल्लं दिसतच नव्हती, नुसतं लाल काहीतरी हलत होतं. डोळ्यांच्या जागी सगळ्यात जास्त गर्दी होती. मी हात घातला. मुंग्या मनगटापर्यंत चढल्या, चावल्या, मी दोन्ही पिल्लं बाहेर काढली, फुंकून, झटकून, पदरानं पुसून स्वच्छ केली. दोन्ही थंड होती. निंबाच्या बुडाशी खुरप्यानं माती उकरून त्यांना पुरलं. घरटं झटकून साफ केलं, का केलं कोण जाणे.

बगीच्यातल्या नळावर हात धूत होते तेव्हा कामिनीवहिनी तांब्या घेऊन तुळशीपाशी आल्या. रात्रीच्या जागरणानं डोळे सुजलेले, पण खुशीत होत्या. रिकाम्या घरट्याकडे पाहून त्यांनी मान हलवली.

"गेली का? म्हणलं होतं मी तुम्हाले. हात लागला का घेतच नाहीत ते."

सहा वर्षं मी हसून सोडून देत आले होते. त्या सकाळी सोडलं नाही.

"घेतली होती तिनं," मी म्हणाले. आवाज चढवला नाही, लेबररूममध्ये नातेवाइकांशी बोलायचे त्या आवाजात बोलले. "माझ्या हाताची घेतली होती वहिनी. दुपारभर चारली. तुम्ही तिले येऊ दिलं नाही. तुमच्या उष्ट्याच्या मुंग्यांनी खाल्ली ती, माझ्या हातानं नाही मेली. आन् तो शब्द माझ्यासमोर पुन्हा म्हणायचा नाही. पाखराबद्दलही नाही."

त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "असं काय बोलता सिस्टर? माझ्या मनात तसं काही नव्हतं. ते आपलं असंच म्हणतात ना..."

"मग हात लागला म्हटल्यावर माझ्या हातांकडं काहून पाह्यलं?"

तांब्यातलं पाणी तुळशीच्या ऐवजी कुंडीच्या बाहेर पडत होतं. मग 'अहो' म्हणून मधुकररावांना हाक मारत त्या आत गेल्या. दार लागलं. मला वाटलं होतं, बोलल्यावर मोकळं वाटेल. नाही वाटलं. किळस होती तिथंच होती, फक्त आता ती माझ्या एकटीकडे नव्हती, त्यांच्याकडेही गेली होती.

फाटक वाजलं. धोंडबा मशीन खांद्यावर घेऊन आला होता, राहिलेलं कुंपण सपाट करायला. त्यानं घरट्यात डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे, मग निंबाखालच्या ओल्या मातीकडे. दुपट्टा कानांवर बांधला आणि मशीनच्या दोरीला हात घातला.

"आज नको, धोंडबा."

"काहून जी मावशी? आता तं काही उरलं नाही त्यात."

"तिले कुठं माहीत आहे अजून," मी म्हणाले.

त्यानं मशीन खाली ठेवलं. आम्ही दोघं मागे सरून भिंतीपाशी उभे राहिलो. बुलबुल तारेवरून उतरली, घरट्याच्या काठावर बसली, आत वाकली. मान वर करून इकडे तिकडे पाहिलं, पुन्हा वाकली. मग चोचीतली अळी तशीच धरून तारेवर जाऊन बसली.